कपाटाआडचं लिंबू

मी लिंबू बोलतोय. सरबताचं नव्हे. मी एक बटण आहे. पिवळं, गोल, चार भोकांचं, कडेचा एक टवका उडालेलं. घरात मला सगळे लिंबू म्हणतात. रंगावरून म्हणत असतील, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. खरं कारण मला अलीकडेच कळलं, तेही चार परक्या माणसांच्या देखत. तेव्हापासून कुणी मला नुसतं 'बस हं इथे' म्हटलं, तरी मी आधी विचार करतो, याला नक्की काय म्हणायचंय?

तसा मी जन्मापासूनच संशयी. कारखान्यात प्लास्टिकच्या एका पिवळ्या पत्र्यातून धाडकन आम्हाला कापून काढलं आणि लगेच चाळणीत घालून गदगदा हलवलं. वाकडा निघेल तो खाली. ज्याचं आयुष्यच झडतीनं सुरू होतं, तो पुढे कुणावर भरवसा ठेवणार? शिवाय माणसाला दोन डोळे आणि मला चार. मला दुप्पट दिसतं, असा माझा समज होता.

माझी पहिली नेमणूक एका बाईंच्या कोटावर झाली, वरून दुसरा. या बाईंना एक खोड होती. खोटं बोलायला लागल्या की त्या मला पिळायच्या. 'निघालेच आहे मी' असं फोनवर सांगताना त्यांचे पाय अजून चपलेतसुद्धा नसायचे आणि मी इकडे गरगर फिरत असायचो. माझा दोरा झिजला तो या 'निघालेच आहे'पायी. शेवटी बाई कोट घेऊन शिवणाच्या दुकानात आल्या, सगळी बटणं बदला म्हणाल्या, आणि मी शिवणाऱ्या आईच्या डब्यात जाऊन पडलो.

त्या घरात चार माणसं होती. शिवणयंत्रावर बसणारी आई, घरात कमी आणि कामावर जास्त असणारे बाबा, शाळेत जाणारी ताई आणि तिचा धाकटा भाऊ. या भावाला मी धाकटाच म्हणणार. तो आता चांगला मोठा झालाय, पण त्या घरात त्याला मोठं होऊ दिलंय कुणी?

सुट्टीतल्या एका दुपारी ताईनं कापडाच्या ताग्यातला पुठ्ठा घेतला आणि त्यावर एक घर काढलं. निजायची खोली, जिना, दिवाणखाना, पडवी, शेवटी स्वयंपाकघर. प्रत्येक खोलीत एक कपाटही काढलं, कारण तिला कपाटं छान काढता यायची. सगळ्यांनी निजायच्या खोलीतून निघायचं, स्वयंपाकघरातल्या डब्यातलं बिस्कीट पळवायचं आणि परत अंथरुणात शिरायचं. एकावर राज्य. त्यानं डोळे मिटून बसायचं. बाकीच्यांनी फासा टाकून आपापली सोंगटी घराघरानं वाजवत न्यायची, टक, टक, टक. राज्यवाल्यानं नुसत्या आवाजावरून एका खोलीचं नाव घ्यायचं आणि डोळे उघडायचे. त्या खोलीत जो असेल तो सापडला. बिस्कीट गेलं, परत अंथरुणात. खेळाचं नाव तिनं ठेवलं, चाहूल.

सोंगट्या लाकडी रिळांच्या चकत्या कापून केल्या होत्या. लाल, निळी, हिरवी. ताईच्या मैत्रिणी खेळायला जमल्या, तसा धाकटा मध्ये घुसला, मलाही घ्या. तेव्हा आई यंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "त्याला लिंबू घ्या गं."

ताईनं आईकडे पाहिलं. मग डब्यात हात घातला, मला वर काढलं आणि म्हणाली, "हे घे. हे तुझं लिंबू."

माझा ऊर भरून आला. डब्यात एवढी बटणं, त्यात घोड्याचं चित्र असलेली दोन पितळी बटणंसुद्धा होती, आणि निवड माझी!

आणि पुढे काय सांगू. आम्ही कधी सापडलोच नाही. मी आणि धाकटा, आमची जोडीच तशी जमली. तो मला टिक, टिक चालवायचा. मी पावलं न वाजवता चालतो, असं माझं मत. ताईवर राज्य असलं की ती डोळे मिटून म्हणायची, "दिवाणखाना!" आणि आम्ही असायचो पडवीत. एखाद्या वेळी चुकून आमच्याच खोलीचं नाव निघालं, तर धाकट्यानं मला त्या चित्रातल्या कपाटाला चिकटवून ठेवलेलं असायचं. तो ओरडायचा, "कपाटाआड!" ताई म्हणायची, "अगंबाई, कपाटाआड होय! मग कसा दिसणार?" आई हसायची, बाबा घरी असले तर तेही हसायचे. मला वाटायचं, आमच्या हुशारीला हसतात.

वर्षं गेली. आई गेली, तिचं यंत्र ताईकडे आलं. धाकट्यानं कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या बनवायचं दुकान थाटलं. या धंद्यात माणूस संशयी होतो, आणि हा तर मुळात माझ्या तालमीत वाढलेला. दार उघडून द्यायला कुणी बोलावलं, तर हा आधी शेजाऱ्यांना विचारणार, हे घर यांचंच ना? पण सुट्टीच्या दिवशी चाहूल मांडला की गडी खुलायचा. पाहुण्यांना सांगायचा, "मला आजवर कुणी पकडलेलं नाही. लहानपणापासून." आणि मला दोन बोटांत धरून उजेडात फिरवायचा.

मग ताईच्या डोक्यात त्या मेळाव्याचं आलं. एका मोठ्या सभागृहात नवे बैठे खेळ तयार करणारे आपापले खेळ मांडून बसतात. येणारे खेळून बघतात. खेळ छापणाऱ्या कंपन्यांची माणसंही त्यात हिंडत असतात, एखादा आवडला तर घेतात. ताईनं नवा पुठ्ठा रंगवला, खोल्या वाढवल्या, कपाटं मात्र तशीच ठेवली.

"मी येणार," धाकटा म्हणाला. "तुला एकटीला गुंडाळतील. खेळ बघायचा, नियम पाठ करायचे आणि घरी जाऊन आपल्या नावावर खपवायचा. मला माहितीयेत असली माणसं."

त्यानं खेळाच्या खोक्याला चक्क कुलूप ठोकलं. स्वतःच्या हातचं.

सभागृहात पाऊल टाकल्यावर मलाही त्याचं पटलं. टेबलामागून टेबलं, सगळीकडे फाशांचा खडखडाट, नव्या पुठ्ठ्याचा वास. आणि माणसं तर एकेक नग. पत्ते मळू नयेत म्हणून त्यांना प्लास्टिकचे अंगरखे घालणारी. दुसऱ्याचा खेळ संपायची वाट बघत खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहणारी, म्हणजे जागा आपली. नियम ऐकताना माना डोलावणारी आणि मग पहिल्याच फाशाला 'आता काय करायचं?' विचारणारी. एकानं आमच्या पुठ्ठ्याचा फोटो काढायला फोन वर केला, तशी धाकट्यानं झडप घालून त्यावर टॉवेल पसरला. ताईनं कपाळाला हात लावला.

"अरे, खेळ दाखवायला आणलाय ना आपण?"

"दाखव. पण जपून दाखव."

आमच्या टेबलाशी पहिल्या बसल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. बसल्या बसल्याच त्यांनी पुठ्ठा सरळ केला आणि सोंगट्या ओळीत लावल्या. त्यांच्याशेजारी एक चष्मेवाला तरुण, गळ्यात बिल्ल्यांची माळ, प्रत्येक खेळ आपण आधीच खेळलोय असा चेहरा. आणि मागे, कधी आला कळलंच नाही, असा एक मऊ बुटांचा माणूस. छातीवर एका खेळ छापणाऱ्या कंपनीची चिठ्ठी. तो खेळायला बसला नाही. खुर्चीच्या टोकावर टेकला आणि म्हणाला, "चालू द्या. मी नुसता बघतो."

नुसता बघतो म्हणणाऱ्या माणसाइतका संशय मला दुसऱ्या कुणाचाच येत नाही.

तेवढ्यात ताई हळूच धाकट्याला म्हणाली, "आज तू हिरवी सोंगटी घे ना. लिंबू राहू दे खोक्यात."

माझ्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांची माझी सेवा, आणि आज, कंपनीचा माणूस समोर असताना, मी खोक्यात? नक्की यांचं आतून काहीतरी ठरलंय. फितुरी! धाकट्यालाही ते रुचलं नाही.

"का? लिंबाशिवाय मी खेळलोय का कधी? आणि ही तर आपली खासियत आहे. बघू द्या की यांना." मग बाईंकडे वळून म्हणाला, "मला आजवर कुणी पकडलेलं नाही."

"हो का?" बाई म्हणाल्या. "बघू या."

ताईनं डोळे मिटले. टक, टक, लाल गेली. टक, टक, टक, निळी गेली. टिक, टिक, मी गेलो. "दिवाणखाना," ताई म्हणाली. लाल सापडली. पुढच्या फेरीला "जिना," निळी सापडली. मग पुन्हा लाल. मी आपला ऐटीत स्वयंपाकघरात पोचलो आणि बिस्कीट उचललं.

चष्मेवाल्यानं चष्मा वर केला. "एक मिनिट हं. या बटणाचा आवाज वेगळा येतो. लाकडाचा टक येतो, याचा टिक. डोळे मिटूनसुद्धा कळेल कुठंय ते."

"मग तर पकडायला सोपंच की," धाकटा हसला. "तरी सापडत नाही. ते कसब असतं."

"तेच विचारतोय. इतकं सोपं असून सापडत का नाही?"

धाकट्याचं हसू जरा आखडलं. मला तर घामच फुटला असता, पण आमच्यात ती सोय नाही. टिक? मी टिक वाजतो? माझ्या बिनआवाजी पावलांचं काय मग?

ताई गोरीमोरी झाली. पुन्हा डोळे मिटले, पण आता तिचं लक्ष उडालं होतं. "पडवी," असं म्हणून गेली आणि डोळे उघडते तर पडवीत मी. धाकट्यानं मला शांतपणे कपाटाला टेकवलेलं होतं.

"कपाटाआड," तो म्हणाला.

"हो, कपाटाआड," ताई सवयीनं म्हणाली.

पुढच्या फेरीत बाईंनी लाल सोंगटी दिवाणखान्यातल्या कपाटाला नीट चिकटवून ठेवली. ताईनं नाव घेतलं, "दिवाणखाना."

"कपाटाआड," बाई म्हणाल्या.

ताईनं कपाटाकडे पाहिलं. "नाही... म्हणजे, तुम्ही सापडलात."

"असं कसं? यांना एक न्याय आणि मला दुसरा? कपाटाचा नियम तर तुम्ही सांगितलाच नव्हता."

"उघड आहे," चष्मेवाला खुर्चीत मागे रेलला. "बहीणभाऊ मिळून खेळतायत."

मऊ बुटांच्या माणसानं घड्याळात पाहिलं. धाकटा ताडकन उभा राहिला. "ए, माझ्या ताईवर असला आळ घ्यायचा नाही! लांडीलबाडी आमच्या घरात चालत नाही. मी लहानपणापासून खेळतोय हा खेळ. कपाटाआड गेलं की सापडत नाही, हा नियमच आहे. विचारा तिला! ताई, सांग ना."

ताईनं फासा उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग ताईकडे. आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला, वर्गात चोर सापडल्यावर शिक्षकांचा उजळतो तसा. "अहो, रागावू नका हो त्यांच्यावर! तुमच्या लक्षात नाही आलं? हे यांचं कच्चं लिंबू आहे!"

चष्मेवाला खो खो हसला. शेजारच्या टेबलावरची माणसंही हसली. मऊ बुटांचा माणूससुद्धा गालात हसला. कच्चं लिंबू कुणाला ठाऊक नाही? घरातलं बारकं पोर रडू नये म्हणून त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, लपू द्यायचं, पण बाद करायचं नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त त्या पोराला नसतं.

ताई हसली नाही. ती हसली नाही म्हणूनच धाकट्याला कळलं.

आणि मलाही. त्याला लिंबू घ्या गं. लिंबू द्या नव्हे. घ्या. आई पिवळ्या बटणाबद्दल बोललीच नव्हती! मी निवडला गेलो तो हुशारीसाठी नव्हे. टक टक करणाऱ्यांत मी टिक वाजतो म्हणून, डोळे मिटलेल्या ताईला मला चुकवता यावं म्हणून. चार डोळे असून मला हे दिसलं नव्हतं. सगळ्या जगावर मी संशय घेतला, एका त्या घरावर तेवढा घेतला नाही.

धाकट्यानं मला मुठीत घेतलं आणि तो चालू लागला. बाहेर व्हरांड्यात पाण्याचा नळ होता, तिथे जाऊन भिंतीशी थांबला. मूठ इतकी आवळलेली की माझा टवका त्याच्या तळव्यात रुतत होता. मागून ताई आली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"पहिल्यापासून."

"आईलाही माहीत होतं?"

"आईनंच सांगितलं होतं. तू लहानपणी बाद झालास की श्वास कोंडून धरायचास. ओठ निळे पडायचे तुझे. एकदा तर खाली पडलास. डॉक्टर म्हणाले, मोठा झाला की जाईल. पण तोवर... आई फार घाबरली होती रे."

"मग मोठा झालो ना मी? दुकान टाकलं, केस पांढरे झाले. तेव्हा तरी पकडायचं होतंस."

"तू इतका खूश व्हायचास. कसं पकडणार?"

मग त्याचा संशय मागे मागे चालत निघाला. मला तो तळव्यातून जाणवत होता. "बाबांशी पंजा लढवायचो मी. जिंकायचो. ते?"

"ते बाबांना विचार."

"माझ्या दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक तू. शिवणाच्या पेटीची किल्ली हरवली म्हणून आलीस. हरवली होती?"

ताईनं मान खाली घातली. "माझ्या पदराच्या गाठीला होती."

"म्हणजे माझ्या आयुष्यात खरं काय होतं मग?" त्याचा आवाज फाटला. "सगळ्यांनी मिळून मला खेळवलंत. बाकीचेही असेच करत असतील. मी काय केलं ते खरंच जमलं आणि काय तुम्ही जमवून दिलंत, हे मी आता ओळखायचं कसं? माझ्या हातचा चहा? तोही नाइलाजानंच पिता ना?"

"चहा भयंकर असतो तुझा," ताई म्हणाली. "बाबा मोरीत ओततात."

त्याला हसायचं नव्हतं. हसू आलं, ते ओढून आत घेतलं, पुन्हा आलं. हसता हसता त्यानं डोळे पुसले, माझ्यासकट.

"पण पेटीला तू करून दिलेली किल्ली," ताई म्हणाली, "ती जुनीपेक्षा चांगली लागते. जुनी मी टाकून दिली. हे मात्र खरं आहे."

त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. गिऱ्हाइकाकडे पाहतो तसं, हे घर यांचंच ना? मग म्हणाला, "चल."

टेबलाशी बाई एकट्याच थांबल्या होत्या, चेहरा पार पडलेला. "मी उगीच बोलले हो," त्या म्हणाल्या. चष्मेवाला दोन टेबलं पलीकडे कुणाला तरी नियम समजावत होता. मऊ बुटांचा माणूस मात्र होता, उभाच होता.

"बसा," धाकटा बाईंना म्हणाला. "डाव पुरा करू. ताई, मिट डोळे."

"हिरवी घेतोस?"

"लिंबू माझंच आहे. पण आता तू ऐकायचंस."

फासा पडला. टिक, टिक, टिक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. सभागृहभर घुमतोय असं वाटलं. पडवीत शिरलो. जुनी खोड, त्याच्या बोटांनी मला कपाटाला टेकवलंच.

ताईनं कान टेबलाजवळ आणला. "पडवी," ती म्हणाली. डोळे उघडले. माझ्याकडे नाही, सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं तिनं, ओठांकडे.

"पिवळं सापडलं."

ताईचा हात टेबलावरून अर्धा पुढे आलेला, तसाच राहिला.

मग धाकट्यानं श्वास घेतला. चांगला छाती भरून. आणि मला उचलून परत अंथरुणात नेऊन ठेवलं.

"चाहूल लागली वाटतं तुला," तो म्हणाला. ताईला रडू फुटलं.

सध्या माझा मुक्काम त्याच खोक्यात आहे. कुलूप काढलंय. कंपनीच्या माणसानं खेळ पुन्हा एकदा घेऊन या म्हटलंय, पण सोंगट्या सगळ्या एका आवाजाच्या हव्यात अशी त्याची अट आहे. म्हणजे माझ्या नोकरीवर गंडांतर. तो मऊ बुटांचा माणूस पहिल्यापासूनच माझ्या मनातून उतरला होता. धाकटा म्हणतो, छापायचा तो छापू दे, घरचा डाव लिंबावरच. तो हे मनापासून म्हणतो की माझी समजूत काढतो, हे मी अजून तपासतोय. आता बहुतेक डावांत मी सापडतो, आणि सापडलो की मला झोंबतं. खोटं कशाला बोलू?

तुमच्याही घरात असेल एखादं लिंबू. त्याला कधीतरी खरं पकडा हो, तुम्ही जवळ आहात तोवर. परक्यांनी पकडलं की फार लागतं.

पुरे आता. डाव मांडलाय. बाबा बिस्किटाचा डबा कडेला सरकवतायत, धाकट्यानं मला उचललंय. समोर ताईनं डोळे मिटलेत, कान टवकारलेत. या वेळी ती खरंच मला शोधतेय.